आधी दाखला, मग तक्रार

शिमगा आटोपल्यावर धामापूरला मुलींची एक बैठक घेतली. आमच्या बचत गटांतल्या बायांच्या या मुली. कोणी नर्सिंगला, कोणी फार्मसीला, कोणी साध्या बी.ए.ला, पण सगळ्या घराबाहेर, कुडाळ-सावंतवाडीपासून कोल्हापूर-मुंबईपर्यंत वसतिगृहात राहून शिकणाऱ्या. विषय ठेवला होता ‘वसतिगृहातले आयुष्य’. पहिला तासभर मुली आमटीतल्या पाण्याबद्दल आणि न्हाणीघराच्या तुटक्या कड्यांबद्दल बोलल्या. मग एकजण हळूच म्हणाली, पहिल्या आठवड्यात बाईंनी वर्गात येऊन सांगितले, ‘स्कॉलरशिपवाल्या मुलींनी उभे राहा.’ पाचजणी उभ्या राहिल्या. बाईंनी नावे टिपून घेतली, ‘बसा’ म्हणाल्या आणि शिकवायला लागल्या. बाईंच्या दृष्टीने एवढेच. पण त्या दिवसापासून मेसमध्ये त्या पाचजणींच्या टेबलावर सहावी कोणी बसली नाही.

‘मग तक्रार का नाही केलीस?’ हा आपणा कार्यकर्त्यांचा ठरलेला प्रश्न मीही विचारला. ती म्हणाली, ‘ताई, खंय करू? ऑफिसात गेलंय तर पयलो प्रश्न, दाखलो हाडलस काय? माझो दाखलो अजून पडताळणीत अडाकलेलो आसा.’ तिची आई मागे बसली होती. तिने नेहमीचा सल्ला दिला, ‘गप रव, शिकान बाहेर पड.’

गेले काही महिने माझ्या डोक्यात हेच वाक्य घोळते आहे. अपमान झाला तो सगळ्या वर्गासमोर झाला, त्यासाठी कोणी दाखला मागितला नाही. न्याय मागायला गेले की मात्र आधी तू कोण ते सिद्ध कर. शिक्षणसंस्थांमधल्या द्वेषाशी कायद्याने लढायचे म्हणतो, तेव्हा त्या लढाईची सुरुवातच अशी उलटी होते. आणि हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही.

अमेरिकेतली विद्यापीठे गेली दोन-तीन वर्षे ज्यूद्वेषाच्या प्रश्नावरून गाजत आहेत. तिथे त्यासाठी वापरला जातो तो १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा सहावा भाग. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने वंश, वर्ण किंवा राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करायचा नाही, असे तो सांगतो. या यादीत ‘धर्म’ हा शब्द नाही. मग ज्यू विद्यार्थ्याला वसतिगृहात छळले, तर तो या कायद्यात बसतो की नाही? यावर तिथे वर्षानुवर्षे खल झाला. शेवटी ‘समान पूर्वजपरंपरा’ असा धागा धरून ज्यू, शीख, मुस्लिम विद्यार्थ्यांना त्यात घेतले गेले. म्हणजे तिथेही प्रश्न आधी हाच, की तुम्ही धर्म आहात की वंश? आपल्या लोकांनाही तिथे हीच अडचण आली. जातीवरून भेदभाव होतो हे सांगणाऱ्या दलित विद्यार्थ्यांसाठी कायद्यात शब्दच नव्हता. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जात’ हा शब्द आपल्या कायद्यात घातला. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असेच विधेयक मंजूर केले, पण गव्हर्नरांनी ऑक्टोबरमध्ये ते नाकारले. आहे त्या कायद्यात सगळे येते, वेगळा शब्द कशाला, हे त्यांचे कारण. ‘वेगळा शब्द कशाला’ हे आपण बायकांनी किती वेळा ऐकले आहे!

तिथल्या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, ती विसरून चालणार नाही. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकी सरकारने ज्यूद्वेष रोखला नाही या कारणावरून कोलंबिया विद्यापीठाचे ४० कोटी डॉलरचे अनुदान रद्द केले. पुढे हार्वर्डचेही संशोधनाचे पैसे थांबवले. यात अनेक ज्यू प्राध्यापक आणि विद्यार्थीच ‘आमच्या नावाने हे करू नका’ म्हणून उभे राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये बोस्टनच्या न्यायालयाने हार्वर्डच्या बाजूने निकाल देताना म्हटले, की ज्यूद्वेषाचे कारण इथे आड म्हणून वापरले गेले. छळ झालेली मुलगी एकीकडे राहते आणि तिच्या नावाने दुसरेच कोणीतरी दुसऱ्याच कोणाचा हिशेब चुकता करते. याचा अर्थ कायदा नको असा मी काढत नाही. ज्यू विद्यार्थ्यांना तिथे जे सोसावे लागले ते खरेच आहे, आणि त्यांना कायद्याचा आधार हवाच. पण कायद्याची दोरी तक्रार करणारीच्या हातात आहे की सत्तेच्या, हे प्रत्येक वेळी पाहायला हवे.

ज्यू म्हटले की आपल्याकडे पटकन कोणी दूरचे परदेशी डोळ्यांसमोर येतात. खरे तर ते आपल्याच कोकणातले. बेने इस्राएली समाज शतकानुशतके रायगडच्या किनाऱ्यावर राहिला. तेलाचे घाणे चालवायचा, शनिवारी काम बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. केहीमकर, पेणकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे, घरात मराठी, बायका नऊवारीत. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत या समाजासाठी शाळा सुरू केली. पुढे रिबेका रूबेन यांनी १९२२ पासून १९५० पर्यंत मुख्याध्यापिका म्हणून ती चालवली. डॉ. जेरुशा झिराड या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टर. मुंबईतल्या किती बाळंतिणी त्यांच्या हाताखालून गेल्या असतील! आज भारतात ज्यू पाच हजारही उरलेले नाहीत. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले, हे आपल्या किती मुलांना माहीत असते? एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर हिटलरचे आत्मचरित्र मराठीत मिळते, ‘यशस्वी कसे व्हाल’च्या शेजारी. २००६ मध्ये नवी मुंबईत खारघरला एकाने हॉटेल काढले, त्याला हिटलरचे नाव दिले. मुंबईच्या ज्यूंनी निषेध केला तेव्हा ते बदलले. शाळेत कडक शिस्तीच्या मुख्याध्यापिकेला ‘हिटलर’ म्हणतात, आणि बाईही ते कौतुकाने सांगतात. यात द्वेष नाही, अज्ञान आहे, असे म्हणता येईल. पण ‘स्कॉलरशिपवाल्या उभ्या राहा’ म्हणणाऱ्या बाईही हेच म्हणतील.

या बेने इस्राएलींचीच एक गोष्ट मला आपल्या प्रश्नाच्या फार जवळची वाटते. स्वतंत्र इस्रायल झाल्यावर त्यांच्यातले बहुतेक तिकडे गेले. तिथे १९६२ मध्ये धर्मपीठाने फर्मान काढले, की बेने इस्राएली मुलामुलीचे लग्न नोंदवण्याआधी त्यांच्या आईची, आईच्या आईची चौकशी करावी. ज्यूपण आईकडून येते, म्हणून चौकशी बायकांची. पेणच्या, अलिबागच्या पणज्या खरोखर ज्यू होत्या का, याचा दाखला जेरुसलेममध्ये मागितला जाऊ लागला. ही मराठी बोलणारी माणसे रस्त्यावर आली, धरणे धरले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला, तेव्हा धर्मपीठाने फर्मानातून त्यांचे नाव काढले. जे स्वतः दाखल्याच्या जाचातून पिढ्यान्‌पिढ्या गेले, त्यांनीच आपल्यातल्या सावळ्या माणसांकडे दाखला मागितला. आणि याच समाजात कोकणात असताना ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता, हेही सांगायला हवे. शिवाशिवीची हवा इथे सगळ्यांनाच लागते.

आता आपल्याकडच्या दोन आयांकडे येऊ. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाने जीव दिला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत नायर हॉस्पिटलच्या वसतिगृहात डॉ. पायल तडवीने. पायल जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली. स्त्रीरोगशास्त्र शिकत होती. आदिवासी आणि मुस्लिम अशी दुहेरी ओळख घेऊन ती त्या वॉर्डात वावरत होती. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर छळाचा आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप ठेवला गेला, त्यांना अटक झाली, ऑगस्ट २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. खऱ्या-खोट्याचा निवाडा न्यायालय करील. पण आपल्या चळवळीने एका गोष्टीची दखल घ्यायलाच हवी: आरोप होता तो बायकांवर, तोही बायकांच्या बाळंतपणाच्या विभागात. ‘सगळ्या बायका बहिणी’ ही घोषणा आपण ज्या सहजपणे देतो, ती या वसतिगृहाच्या दारात अडखळते. त्या वेळी आपल्यातल्या कितीजणींनी ‘हे रॅगिंग आहे, जातीचे कशाला आणता’ असे म्हटले, ते आठवून पाहा. मीही तेव्हा एका चर्चेत गप्प बसले होते.

रोहितच्या मृत्यूनंतर काय झाले? चौकशी त्याच्या छळाची व्हायची ती त्याच्या जातीच्या दाखल्याची झाली. वडील एका जातीचे, आई राधिका अनुसूचित जातीतल्या. त्यांनी मुलांना शिलाईकाम करून एकटीने वाढवले. मे २०२४ मध्ये तेलंगण पोलिसांनी न्यायालयाला कळवले, की रोहित दलित नव्हताच. ओरड झाल्यावर पुढे तपास करू म्हणाले. वास्तविक २०१२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने रमेशभाई नायका खटल्यात सांगितले होते, की आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात बापाचीच, असे आपोआप धरता येणार नाही. आईने तिच्या समाजात वाढवले असेल तर मुलाला तसे सिद्ध करता येते. पण कचेरीत अजून विचारतात, ‘वडिलांचा दाखला?’ परित्यक्ता बायांच्या मुलांसाठी फेऱ्या मारणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीला हे माहीत आहे. जेरुसलेममध्ये आईची वंशावळ खणून काढतात, मालवणच्या तहसीलात आईला मोजतच नाहीत. दोन्हीकडे परीक्षा बाईचीच.

राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. इंदिरा जयसिंग त्यांच्या वकील. मागणी साधी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समानतेचे नियम केलेले आहेत, ते अमलात आणा. मैत्रिणींनो, हे नियम आपल्यापैकी कितीजणींनी वाचले आहेत? मी एम.एस.डब्ल्यू. करून बाहेर पडले, मला ते माहीत नव्हते. आणि ते वाचून मी थक्क झाले. त्यात जात, धर्म, भाषा, लिंग, अपंगत्व यांवरून होणारा भेदभाव येतो. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी हवा, असे आहे. पण मला त्यातले सगळ्यात मोलाचे वाटले ते वेगळेच. त्यात कृत्यांची यादी आहे. वर्गात विद्यार्थ्यांची जात-जमात-धर्म जाहीर करणे. ‘राखीव’ म्हणून शिक्का मारणे. मार्क कमी पडले तर त्याचा संबंध जातीशी जोडून बोलणे. वसतिगृहात, मेसमध्ये वेगळे बसवणे. धामापूरच्या त्या मुलीची गोष्ट २०१२ सालीच कोणीतरी नियमात लिहून ठेवली होती!

ही यादी ‘तू कोण’ असे विचारत नाही, ‘काय केले’ असे विचारते. वर्गात जात जाहीर केली, हे घडले की नाही? एवढाच प्रश्न. त्यासाठी पडताळणी समितीचा कागद लागत नाही.

मग हे नियम बारा-तेरा वर्षे कपाटात का राहिले? कारण पाळले नाहीत तर काय, याचे उत्तर त्यांत नव्हते. आयांच्या याचिकेवर जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने आयोगाला आकडेवारी मागितली, नवे नियम करा म्हटले. १३ जानेवारी २०२६ रोजी नवे नियम निघाले. चोवीस तासांत समितीची बैठक, पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल, समितीत महिला आणि मागासवर्गीयांचे प्रतिनिधी, आणि नियम मोडणाऱ्या संस्थेवर कारवाई. दोन आठवड्यांत देशभर गदारोळ झाला, आणि २९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन २०१२ चेच नियम चालू राहतील असे सांगितले.

आक्षेप दोन होते. एक, जातीय भेदभावाच्या व्याख्येत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास एवढेच का? दुसरा, खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा का नाही? पहिल्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. जातीची उतरंड दोन्ही बाजूंनी सारखी नाही, म्हणून व्याख्याही सारखी असू शकत नाही. इतर कोणाहीशी होणाऱ्या भेदभावासाठी त्याच नियमांत वेगळी, सर्वांसाठीची व्याख्या होतीच. दुसऱ्या आक्षेपाचे तर आपल्याला नवल वाटायला नको. ४९८अ च्या वेळी हेच, २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याच्या वेळी हेच. त्या कायद्यात खोट्या तक्रारीला शिक्षेचे कलम घातलेच गेले, आणि बाई तक्रार लिहायला बसली की आधी ते कलम तिला वाचून दाखवतात. मुद्दाम खोटी तक्रार करणारी असेल तर तिच्यासाठी इतर कायदे आहेत. दारावर पाटी लावायची गरज नाही.

मग अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे आणि तो हवाच, पण त्याचे हत्यार जड आहे. पोलीस ठाणे, जातीचा दाखला, आणि अपमान ‘लोकांच्या नजरेसमोर’ झाला का हा प्रश्न. चार भिंतींच्या आत, साक्षीदार नसताना झालेला अपमान त्या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. वसतिगृहाच्या खोलीचे दार बंद असते. शिवाय अठरा वर्षांच्या मुलीला वर्गातल्या बाईंना तुरुंगात घालायचे नसते, तिला मेसमध्ये जेवायचे असते. तिला हवा आहे आठ दिवसांत निर्णय देणारा, जवळचा, छोटा कायदा. शाळांसाठी शिक्षण हक्क कायदा आहे. २००९ च्या या कायद्यात मानसिक छळाला बंदी आहे आणि वंचित गटातल्या मुलाशी भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी सरकारवर आहे. पण ते चौदाव्या वर्षापर्यंत. नववीपासून पुढे पोरगी मधल्या पोकळीत.

मुंबईत चेंबूरच्या एका कॉलेजातल्या नऊ मुस्लिम मुली २०२४ मध्ये हिजाबबंदीविरुद्ध उच्च न्यायालयात गेल्या. जूनमध्ये हरल्या, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाबवरच्या बंदीला तात्पुरती स्थगिती दिली, वर्गातला बुरखा मात्र बंदच ठेवला. बुरख्याविषयी आपल्या संघटनांत मतभेद आहेत आणि ते राहतील. पण त्या मुलींनी घरात बसण्याऐवजी रिट अर्ज केला, हे मला महत्त्वाचे वाटते.

कायद्यावर विसंबू नका, मने बदला, असे सांगणारे नेहमी भेटतात. त्यांना मी महाडला नेते. १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, आणि त्याचबरोबर सार्वजनिक शाळाही, अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह प्रत्यक्ष पाणी घेतले, मार खाल्ला, दावा चालला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १९३७ मध्ये. चौदा वर्षे. नुसता ठराव असता तर तळे बंदच राहिले असते. ठराव नसता तर दाव्यात उभे राहायला जमीन नसती. आमच्या धामापूरचे तळे १५३० सालचे, भगवतीच्या देवळालगतचे. २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला, तेव्हा गावात कौतुक झाले. त्या पाण्यावर कोणाचा हात कधी पोचला, कधी नाही, हे त्या पाटीवर नाही. बैठकीत एका म्हातारीने ते सांगितले, तेव्हा मुली पहिल्यांदा वह्या काढून लिहायला लागल्या.

बैठकीच्या शेवटी आम्ही २०१२ ची ती यादी साध्या मराठीत उतरवली. एका पुठ्ठ्यावर मावली. प्रत्येकीने आपापल्या खोलीच्या दारामागे लावायची असे ठरले. दोघी म्हणाल्या, वॉर्डन फाडील. फाडली तर तारीख लिहून ठेव, असे ठरले. आणि माहितीच्या अधिकारात, मुलींच्या नावाने नव्हे, आमच्या गटाच्या कार्यकर्त्यांच्या नावाने, सरकारी आणि अनुदानित कॉलेजांना तीनच प्रश्न पाठवले: भेदभावविरोधी अधिकारी कोण, त्यांच्याकडे आजवर किती तक्रारी आल्या, त्यांचे काय झाले.

पहिले उत्तर तिसाव्या दिवशी आले. तक्रारी शून्य. अधिकारी म्हणून ज्या सरांचे नाव दिले आहे, ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आम्ही अपील केले आहे. ज्या संघटनांना आपापल्या तालुक्यात हा अर्ज करायचा असेल त्यांनी मजकूर जरूर मागवावा, कार्बन ठेवून चार प्रती काढल्या आहेत.